पायाजवळचा स्पीकर

माझे भाऊजी गायक आहेत. हे ते स्वतःच दिवसातून एकदा तरी सांगतात, त्यामुळे मी वेगळं सांगायची गरज नव्हती. पण मला माझ्या ताईची गोष्ट सांगायची आहे, आणि तिची कुठलीही गोष्ट सांगायची म्हणजे आधी भाऊजींना ओलांडावं लागतं.

त्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. एक कीबोर्डवाला, एक ड्रमवाला, साथीला गाणारी एक मुलगी आणि मधोमध भाऊजी. हॉटेलांचे हॉल, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, लग्नाच्या पार्ट्या. पूर्वी आवाज सांभाळायला एक साउंडवाला होता. गाणं चांगलं झालं तर भाऊजींमुळे आणि पडलं तर साउंडवाल्यामुळे, ही वाटणी त्याने बरीच वर्षं सोसली. मग एका कार्यक्रमानंतर त्याने वायरी गुंडाळून जागच्या जागी ठेवल्या आणि तो गेला तो गेलाच. भाऊजींनी मिक्सर उचलून घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ताईला म्हणाले, "शिकून घे. बटणं तर आहेत. वर केलं की मोठा, खाली केलं की लहान."

मी आईला फोनवर सांगितलं की ताई मिक्सर शिकतेय. आई म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आत्ता?"

ताई शिकली. अर्ध्या टेबलावर ताटं, अर्ध्यावर मिक्सर, असा त्यांचा संसार काही महिने चालला. एक माईक फ्रीजजवळ, एक मोरीतल्या गळक्या नळापाशी, एक खिडकीत, आणि हिच्या कानांवर हेडफोन. फ्रीजची घरघर कुठल्या बटणाने जाते, नळाची टपटप कुठल्या बटणाने कानाला टोचते, हे ती डोळे मिटून शोधायची. मी गेले की मला माईकपुढे बसवून म्हणायची, "बोल काहीतरी." मी शेजारणीबद्दलच्या तक्रारी सांगायचे. ऐन रंगात आले की ती म्हणायची, "आता तुझा नाकातला आवाज गेला बघ." शेजारणीचं काय झालं हे तिने कधी विचारलं नाही. पण तिला इतकं खुशीत मी लग्नाआधीही पाहिलं नव्हतं.

अडलं की ती गुपचूप जुन्या साउंडवाल्याला फोन करायची. भला माणूस, तो भाऊजींवर रागावला होता, मिक्सरवर नाही. त्याने तिला एक गोष्ट नीट समजावली. मिक्सरमधून दोन वेगळे आवाज काढता येतात. एक लोकांसाठी, पुढच्या मोठ्या स्पीकरांतून. दुसरा गाणाऱ्यासाठी, त्याच्या पायाजवळ ठेवलेल्या स्पीकरमधून. एक कमी केला म्हणून दुसरा कमी होत नाही. "आणि गाणाऱ्याला काय वाटतं," तो म्हणाला, "की मला पायाजवळ जे ऐकू येतंय तेच सगळ्या हॉलला ऐकू येतंय. वाटू द्यायचं."

पहिल्याच कार्यक्रमात माईकने शिट्टी मारली. कान फाटतील अशी. भाऊजींनी स्टेजवरून हसत हसत सांगितलं, "माफ करा मंडळी, मागे बसलीय ती माझी बायको. काय करणार, घरीही हिचाच आवाज वर असतो!" हॉल खो खो हसला. ज्या गोष्टीला एकदा टाळी मिळाली ती भाऊजी टाकत नाहीत. पुढे शिट्टी कायमची बंद झाली, विनोद मात्र चालू राहिला. प्रत्येक कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्यानंतर. आमच्या ताईला घरी मीठ हवं असलं तरी दोनदा मागावं लागतं, आणि लोक तिच्याकडे माना वळवून हसत होते.

ती कामात तयार झाली. भिंती पडद्यांच्या की काचेच्या, हॉल भरला की आवाज कुठे मरतो, हे ती आत पाऊल टाकताच सांगायची. एका हॉटेलच्या मॅनेजरने तर घरी फोन केला, आमच्याकडे दुसरे ग्रुप येतात, त्यांचा साउंड बाईंनी करावा म्हणून. फोन भाऊजींनी घेतला. "ती बाहेरची कामं घेत नाही," म्हणाले. ताई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. मी नंतर चिडून विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तोवर त्यांनी फोन ठेवला होता."

आणि मग भाऊजींचा आवाज गेला. एका दिवसात नाही. वरच्या सुरांपासून, हळूहळू, जिन्याच्या वरच्या पायऱ्या आधी मोडाव्यात तसा. सगळ्यात आधी ते ताईला कळलं, हेडफोनमध्ये. ती म्हणाली, "अहो, एकदा घसा दाखवून येऊ या." ते म्हणाले, "तू आधी कान दाखव."

तेव्हापासून ती दोन आवाज ठेवू लागली. पायाजवळच्या स्पीकरमध्ये भाऊजींचा आवाज भरदार, घुमणारा, वीस वर्षांपूर्वीचा वाटावा असा. आणि पुढच्या स्पीकरांत, वरच्या सुरातली ओळ आली की एका बोटाने त्यांचा आवाज खाली, दुसऱ्याने साथीच्या मुलीचा वर. इतकं अलगद की टाळ्या वाजवणाऱ्यांना पत्ता लागू नये. मला हे तिने एकदाच सांगितलं. म्हणाली, "झाकली मूठ आहे गं. असू दे झाकलेली." भाऊजी मात्र पार्टीत सांगत फिरायचे की देवाची कृपा, गळा अजून तसाच आहे. मी समोरच असायचे.

घोळ ड्रमवाल्याने केला. कुणीतरी हॉलमधून मोबाईलवर केलेलं शूटिंग त्याने भाऊजींना हौसेने दाखवलं. भाऊजींनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि घरी येऊन ताईसमोर फोन आपटला. "माझा आवाज दाबतेस? ऐन वरच्या ओळीला? इतकी वर्षं माझं मीठ खाऊन?"

ताईकडे एका वाक्याचं उत्तर होतं. तुमचा आवाज तिथे उरलेलाच नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. भाऊजींनी तिला मिक्सरवरून उठवलं.

त्यानंतर लगेचच त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. मोठा हॉल, हार, शाल, भाषणं. मिक्सरवर एक नवीन माणूस आणला होता आणि त्याला बजावलं होतं की माझा आवाज सगळ्यांच्या वर पाहिजे. ताई पहिल्यांदाच प्रेक्षकांत, माझ्या शेजारी बसली होती. हात मांडीवर. वरची ओळ आली आणि नव्या माणसाने सांगितल्याप्रमाणे केलं. आवाज चिरकला, फाटला, आणि तसाच फाटका सगळ्या हॉलभर फिरला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ताईचं बोट मांडीवर पदरावरून खाली सरकत होतं, पुन्हा वर, पुन्हा खाली.

नाचता येईना अंगण वाकडं. नवीन माणूस नालायक ठरला, हॉल नालायक ठरला, सत्काराला आलेले लोकही अडाणी ठरले. काही आठवडे असेच गेले आणि एका सकाळी मिक्सर परत जेवणाच्या टेबलावर आला. "शनिवारी कार्यक्रम आहे. तू बस," भाऊजी म्हणाले. याला त्यांच्याकडे माफी म्हणतात.

ताई म्हणाली, "बसते. पण तो विनोद करायचा नाही."

"कुठला विनोद?"

"घरी हिचाच आवाज वर असतो, तो."

"अगं, लोक हसतात त्याला."

"मला नाही आवडत."

"बरं बरं," भाऊजी म्हणाले आणि पेपर उघडला. संसारात तिने घातलेली ती पहिली अट होती. मला हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज मला वेगळा वाटला. शनिवारी मी मुद्दाम गेले आणि मिक्सरमागे तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले.

दुसरं गाणं संपलं. भाऊजी घाम टिपत पुढे आले. "मंडळी, ती तिकडे मागे बसलीय ना..."

मी ताईकडे बघितलं. तिने भाऊजींच्या माईकचं बटण हळूच खाली ओढलं. शेवटपर्यंत. पायाजवळचा स्पीकर तसाच ठेवला.

स्टेजवर भाऊजींचे ओठ हलत होते. पायाजवळून त्यांना स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येत असणार, कारण त्यांनी नेहमीसारखा हात आमच्याकडे फेकला, मान डोलावली आणि हशासाठी थांबले. हॉल शांत. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?" भाऊजींनी विनोद पुन्हा केला, हातवारे वाढवून. कुणीतरी खाकरलं. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं. शेवटी कीबोर्डवाल्याने गाणं सुरू केलं आणि ताईने बटण परत वर नेलं.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी तिच्या कानाशी लागले. "आता वरच्या ओळीला काही करू नकोस. ऐकू दे लोकांना."

तिने मान हलवली नाही. वरची ओळ आली, एक बोट खाली गेलं, दुसरं वर, आणि सूर अल्लद पलीकडे पोचला. टाळ्या पडल्या. भाऊजींनी वाकून नमस्कार केला.

माझं डोकं फिरलं. "विनोद मारलास आणि गाणं वाचवलंस?"

"विनोद त्यांचा होता," ती म्हणाली. "गाणं इतकी वर्षं मी सांभाळलंय."

परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, "हल्लीच्या लोकांना विनोदच कळत नाही."

"जुना झालाय तो," ताई म्हणाली.

"मग आधी सांगायचंस ना."



आता ते तो विनोद करत नाहीत. कार्यक्रम संपला की सगळ्यांचे आभार मानतात. कीबोर्डवाल्याचे, ड्रमवाल्याचे, साथीच्या मुलीचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, पडदा ओढणाऱ्याचेसुद्धा. विनोद होता तेव्हा मागे कुणीतरी बाई बसलीय एवढं तरी लोकांना कळायचं. आता माना वळत नाहीत.

परवा मी न राहवून विचारलं, "हेच हवं होतं का तुला?"

ती वायर गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्याच्या मधून, साउंडवाल्याने शिकवली होती तशी.

"एवढंच बंद करता येत होतं गं," ती म्हणाली.