वरची ओळ

हवालदार मोहिमेच्या वहीचं पान खालून वर लिहायचे. सर्वांत खाली परतायची वेळ, तिच्यावर मुक्काम, मग शिधा, दोर, माणसं. सगळ्यांत वरची ओळ, म्होरक्याच्या नावाची, शेवटी. "चढाया कोनीबी चढतंय," ते म्हणायचे. "घरी किती वाजता येता, ते आधी लिव्हा."

ते हिंगोलीजवळच्या पुसेगावचे निवृत्त फौजी. नोकरीतले अकरा हिवाळे बर्फात गेलेले, जवानांना स्कीवर चालायला शिकवण्यात. शहात्तर साली हिंगोलीतल्या आम्हा पाच कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात हिमाचलातलं एक लहानसं शिखर भर हिवाळ्यात चढायचं खूळ शिरलं, तेव्हा सगळं गाव हसलं. हवालदार हसले नाहीत. "काहून हिवाळ्यात?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, उन्हाळ्यात कुणीही जातं. "दिमाख हाय," ते म्हणाले. "ठीक हाय, बर्फात उतरंल."

स्की त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "ते शिकाया दोन हिवाळे जातेत." मग बांबूच्या कामट्या वाकवून, चामड्याच्या वाद्या विणून त्यांनी पायाला बांधायच्या रुंद जाळ्या केल्या. त्या घातल्या की पाय बर्फात रुतत नाही. आम्ही त्यांना सुपं म्हणायचो. पण सरावाला बर्फ कुठून आणणार? जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग होते. दर रविवारी सुपं बांधून आम्ही त्यांवर चढायचो आणि पाऊल चुकलं की कमरेपर्यंत आत जायचो. खालून हवालदार खिजवायचे, "ए सरकी, पाय उचल. नाचून काहून राहिला?" दुपारी त्यांच्या घरची भाकरी अन् ठेचा, एकाच फडक्यावर, सगळे मिळून.

वही पुरी झाली तेव्हा वरची ओळ कोरी ठेवून त्यांनी ती माझ्यापुढे सारली. "तुजं अक्षर चांगलं हाय. माजं नाव तू लिव्ह." म्होरके तेच असणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

परवानगी देणाऱ्या मंडळातल्या एका सभ्य गृहस्थांना मात्र विचारायचं होतं. "ते हवालदार बौद्ध ना? एका तंबूत झोपणार, एका पातेल्यातलं खाणार. पोरांच्या घरचे पाठवतील का? तू तुझंच नाव घाल की." चहाचा कप पुढे करत, अगदी मायेनं बोलले. तीन महिने मी हवालदारांची भाकरी खाल्ली होती. मी पेन उघडलं आणि वरच्या ओळीत माझं नाव घातलं. ना त्या गृहस्थांचा आवाज चढला, ना माझा. आज माझा चढतो. आता तो कुणाच्या कामाचा?

निघायच्या दिवशी हवालदार आम्हाला निरोप द्यायला स्टेशनवर आले. प्रत्येकाच्या सुपाच्या वाद्या ओढून पाहिल्या. वही उघडून वरची ओळ वाचली. माझे कान तापले.

"परतायची येळ तर बदलली न्हाई ना?"

"नाही."

"मग बराबर," म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.

शिखर अगदी समोर दिसत असताना बारा वाजले. पोरं शिव्या देऊ लागली, अर्ध्या तासाचं तर काम. पण खालची ओळ होती : 'बारा वाजता जिथं असाल तिथून मागं. ऊन लागलं की बर्फ सैल होतो.' वळलो. दोनच्या सुमारास तंबूपाशी पोचलो आणि मागं वळून पाहतो, तर सगळा उतार घसरत होता, आमच्या पावलांसकट.

गावात सत्कार झाला. त्याच गृहस्थांनी माझ्या प्रसंगावधानाची तारीफ करून हार घातला. मी मान वाकवली. हवालदारांना बोलावणंही नव्हतं. पुसेगाव काही परदेश नाही, तरी मी गेलो नाही. ते वारल्याचंही मला आठवड्यानं कळलं, एसटीत, कुणाच्या तरी बोलण्यातून.

लोक समजावतात, काळच तसा होता. याचाच संताप येतो. वहीत लिहिलं ते काळानं नाही. अक्षर माझं होतं.

वही अजून माझ्याकडे आहे. काल वरची ओळ खोडली आणि त्यांनी सांगितलं होतं ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं : म्होरक्या, हवालदार तुकाराम झिंगाजी खिल्लारे, पुसेगाव.