तळ्यावरचे हंस आणि मल्लप्पाचा काळ्या

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला तर नाहीच — कारण तळं तिच्या माहेरचं.

अक्कलकोटच्या पुढं, दोन टेकड्यांच्या बेचक्यात ते लहानसं तळं आहे. थंडीत तिथं पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळ्या रेघा असलेले राखाडी हंस. हिमालय ओलांडून येतात म्हणे. भवानी पेठेत माझा फोटो स्टुडिओ. लग्नांच्या धबडग्यातून सुटलो की मी त्या काठावर जाऊन बसतो आणि खरंच सुखी होतो. यात लपवण्यासारखं काय, म्हणाल?

सांगतो. काही वर्षांपूर्वी संक्रांतीला सासुरवाडीला गेलो होतो. नवा ड्रोन घेतलेला — नव्याचे नऊ दिवस! सकाळी एकटाच तळ्यावर गेलो. वरात टिपतो तसे हंस टिपायचे होते. ड्रोन जरा खाली आणला मात्र, सगळा थवा ओरडत उठला. त्या हिवाळ्यात तो परतला नाही.

गावानं ठरवून टाकलं — हे मल्लप्पाच्या कुत्र्याचं काम. मल्लप्पा मेंढरं राखतो, आणि त्याचा काळ्या कायम पाण्याकाठी हुंदडायचा. मला कोण विचारणार? मी जावई. मला आग्रह करकरून गुळाच्या पोळ्या वाढत होते. सासऱ्यांनी विषय काढला तेव्हा गप्प बसलो असतो तरी — पण नाही, मी म्हणालो, "कुत्र्याची जातच तशी." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर पोळीवर तूप मागत होता.

थंडीभर कुत्रं बांधायचं, असं गावानं सांगितलं. मल्लप्पानं काळ्याला खुंट्याला बांधलं. पुढं माळावर लांडग्यानं त्याचं कोकरू नेलं. राखायला काळ्या होता कुठं? तेव्हाही मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी हंस आले. आता दरवर्षी येतात. कुत्रं बांधल्याचा गुण, असं गाव म्हणतं.

यंदाही गेलो होतो. कोवळं ऊन, निवांत पाणी, काठाला चरणारे हंस. मला फार बरं वाटत होतं — तेही कबूल करतो. मल्लप्पा शेजारी येऊन बसला. भाकरीवर शेंगाची चटणी घालून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"काळ्याला बांधूनच आलोय, जावईबापू," तो म्हणाला. "लई हूड हाय त्ये. तुमचं हंस उठाया नगंत की."

टेकडीपलीकडून काळ्या भुंकत होता. भाकरी गोड लागली. मी ती सगळी खाल्ली.