जगाच्या अंताचं अर्धं कापड: झेलंडमधला एक शनिवार

झेलंडला, म्हणजे नेदरलँड्सच्या समुद्राकाठच्या प्रांतात, जायचं आमचं चार वर्षं घाटत होतं, पण ते समुद्र बघायला. प्रत्यक्षात गेले ते एक कापड बघायला, आणि तेही कोबीचा फोन आला म्हणून.

कोबी ही आमची वेल्डहोवनमधली जुनी शेजारीण. वय शहाऐंशी. हो, नाव कोबीच. इकडे ते बायकांचं चांगलं रुळलेलं नाव आहे, आणि पहिल्या दिवशी ते ऐकून माझ्या लेकीने कसं हसू दाबलं होतं ते कोबीला अजून माहीत नाही. आम्ही या गल्लीत आलो तेव्हा मला डचमध्ये धड कांदे मागता येत नव्हते. कोबीने सहा वर्षं तिच्या स्वयंपाकघरात बसवून, कॉफी पाजून मला बोलतं केलं. दोन वर्षांपूर्वी ती वृद्धनिवासात राहायला गेली. घर आवरताना तिने कापडाची एक जाडजूड गुंडाळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "हे दूक तुझ्याकडे असू दे."

हांडदूक म्हणजे टॉवेल, तेदूक म्हणजे भांडी पुसायचं फडकं, इतपत माझं डच. त्यामुळे दूक म्हणजे कापड, असं धरून मी आभार मानले आणि गुंडाळी शेडमध्ये ठेवली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. झेलंडमधल्या तिच्या गावात एका जुन्या कोठारात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची धार्मिक चित्रं मांडली आहेत, मला घेऊन चल, आणि तुझ्याकडचं दूकही आण. मी म्हटलं, ते माळ्यावर अगदी आत आहे, काढायला वेळ लागेल, पुढच्या खेपेला आणू.

आता खरं काय ते सांगते. कापड मिळालं त्याच वर्षी गणपतीच्या मखरामागे लावायला मला मोठं काहीतरी हवं होतं. गुंडाळी उलगडली तर आत चित्र. खूप खिडक्यांचं एक शहर आणि खाली साखळीने बांधलेला कसलासा अक्राळविक्राळ प्राणी. देवामागे हा राक्षस नको म्हणून मी कापड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सोनेरी कमानी रंगवल्या. सजावटीचं कौतुक झालं. नंतर शेडमध्ये त्याला बुरशी धरली आणि या वसंतात मी ते गाडीत घालून मिलिउस्ट्राटवर, म्हणजे नगरपालिकेच्या मोठा कचरा टाकायच्या जागी, नेऊन टाकलं. घरात पसारा न ठेवणारी बाई अशी माझी ख्याती आहे, आणि मला तिचा अभिमानही होता.

तर शनिवारी सकाळी नऊला निघालो. तुम्ही जाणार असाल तर: आइंडहोवनकडून ए-५८ धरायचा, टिलबर्ग, ब्रेडा, बर्गेन ऑप झूम करत खूसपर्यंत. दीड तास पुरतो. ट्रेनने रोझेंडालला बदलून खूसला उतरता येतं, पण पुढची बस शनिवारी फार कमी. रविवारी तर जाऊच नका. ही माणसं कडक चर्चवाली, रविवारी गावात पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण कोबीने लिहू नको म्हणून सांगितलंय. पार्किंग चर्चच्या मागे, फुकट.

वाटेत कोबी खुशीत होती. बर्गेन ऑप झूम मागे पडल्यावर जमीन सपाट होत गेली, सफरचंदाच्या बागा आल्या, आणि ती प्रत्येक बागेच्या मालकाची कुळकथा सांगू लागली. मी "हो का" म्हणत होते. आज सांगायचंच, असं ठरवून निघाले होते. आधी तिला नीट बघून घेऊ दे, मग सांगू, असं म्हणत मी प्रत्येक एक्झिट मागे टाकली.

कोठारात मरीनस नावाचे निवृत्त शिक्षक माहिती देतात. तिकीट नाही, दाराशी डबा आहे, त्यात वाटेल ते टाकायचं. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. एकोणिसाव्या शतकात काही ख्रिस्ती प्रचारकांनी बायबलमधल्या आकड्यांवरून जगाच्या अंताचं वर्ष काढलं. समजावायला ते छापील तक्ते घेऊन गावोगाव फिरायचे. ते बघून इथल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी तसलेच तक्ते शिडाच्या कापडावर रंगवले. सोन्याच्या डोक्याचा आणि लोखंडी पायांचा एक मोठा पुतळा, म्हणजे एकामागून एक आलेली राज्यं. मग समुद्रातून वर येणारे प्राणी. रंगवणाऱ्याने सिंह कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे सिंह थेट शेतावरच्या कुत्र्यासारखा दिसतो. बिबट्याला गाईची शिंगं आहेत. हिरवा रंग खिडक्यांच्या झडपांना लावतात तोच. मी हसले, आणि हसतानाच कळलं की हे सगळं कुणीतरी भीतीने आणि फार मन लावून केलंय.

कोबीच्या पणजोबांचं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत वर्षाचा आकडा खरवडून पुन्हा लिहिलेला, पुन्हा खरवडलेला, आणि शेवटी नुसतं कोरं कापड. मी विचारलं, ते वर्ष आलं आणि गेलं, तेव्हा त्यांनी काय केलं? कोबी म्हणाली, "गाईंचं दूध काढलं. गाईंना तारीख कोण सांगणार?"

चित्राच्या उजवीकडे भिंत मोकळी होती आणि तिला चार हूक मारलेले होते. मरीनस माझ्याकडे बघून हसले. दुसरं दूक सांभाळणाऱ्या त्या तुम्हीच का, म्हणाले. तेव्हा मला उमगलं की डचमध्ये चित्रालाही दूकच म्हणतात. पणजोबांनी अंताची गोष्ट दोन कापडांवर रंगवली होती. डावीकडे राज्यं आणि प्राणी, उजवीकडे शेवटी उतरणारं देवाचं शहर. घरात मूल जन्मलं की त्या शहराच्या एका खिडकीत त्याचं नाव लिहायचं, अशी त्यांच्याकडे रीत. आजोबांनी लिहिली, वडिलांनी लिहिली.

"यानचं नावही त्यात आहे," कोबी म्हणाली. यान तिचा धाकटा भाऊ, तीन आठवड्यांचा होऊन गेला. त्याचा फोटो नाही, थडग्यावर दगड नाही. त्याचं नाव लिहिलेली जागा तेवढी एकच.

मरीनसनी विचारलं, घरातल्या कुणाला न देता यांना कसं दिलंत? कोबी म्हणाली, भाच्यांनी विकून टाकलं असतं. ही रोज देवापुढे दिवा लावते, हिच्याकडे देवाचं चित्र नीट राहील.

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर पडून बेकरीत बोलस घेतले. दालचिनी आणि गुळासारख्या चिकट पाकात बुडवलेला हा इथला गोड पाव, आवर्जून खावा असा. दीड युरोला एक, बोटं चाटत राहावं लागतं. ते घेऊन आम्ही बांधावरच्या बाकावर बसलो. ओहोटी होती, चिखलात पक्षी टोचे मारत होते. तिथे मी सगळं सांगितलं. गणपती, कमानी, बुरशी, मिलिउस्ट्राट. माळ्यावर आहे हे खोटं सांगितलं, तेही. माझं डच अशा वेळी फार वाईट होतं, त्यामुळे शब्द शोधत शोधत ते आणखीच लांबलं.

कोबीने चिकट बोटं रुमालाला पुसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू ते उलगडलं होतंस ना?" ती म्हणाली. "मग एक सांग. यानची खिडकी वरून दुसऱ्या रांगेत होती. मी म्हणते निळी, माझी बहीण मरेपर्यंत हिरवी म्हणत राहिली. नजर अधू झाल्यापासून मला रंग नीट कळत नाहीत. कुठली होती?"

निळी म्हणणं अगदी सोपं होतं. तिला तेच हवं होतं. पण त्या दिवशी आणखी एक खोटं माझ्याच्याने बोलवेना.

"मी नीट बघितलंच नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि उरलेला बोलस कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. येताना ए-५८वर ब्रेडाजवळ अर्धा तास अडकलो. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, झोपली होती की नाही कळलं नाही.

घरी आल्यावर त्या वर्षीच्या गणपतीचे फोटो काढून बसले. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाकलेलेही. आरतीचे, मोदकांचे, मुलांच्या नाचाचे, सोनेरी कमानीपुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाचे. मागच्या बाजूचा एकही नाही. कुणाला सुचणार होतं? मिलिउस्ट्राटवरही जाऊन विचारलं. तिथल्या माणसाने सभ्यपणे सांगितलं की तो माल केव्हाच जळून गेला.

प्रवास कसा झाला म्हणून काहींनी विचारलं. झेलंडला जरूर जा. कोठार उन्हाळाभर दर शनिवारी उघडं असतं, आणि तो कुत्र्यासारखा सिंह दीड तास गाडी चालवून बघावा असाच आहे. घरात कुणा म्हाताऱ्या माणसाने दिलेलं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर जायच्या आधी ते उलगडून बघा. मला आता एवढंच सांगता येतं.

कोबीचा फोन दर रविवारी चर्चहून आल्यावर बाराच्या सुमारास यायचा. गेल्या रविवारी एक वाजला तरी आला नाही, तेव्हा मीच केला. डचमध्येही आपल्या तू-तुम्हीसारखंच आहे, आपल्या माणसाला एक शब्द आणि परक्याला दुसरा. तिने हवापाण्याचं विचारलं, लेकीची परीक्षा कशी झाली ते विचारलं, कुठेही आवाज चढवला नाही. मग म्हणाली, "तुम्ही आठवणीने फोन केलात. आभारी आहे."