आल्बी ट्रेलोरचं एकुलतं एक गाणं

आल्बी ट्रेलोरइतका बेसूर माणूस ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या क्वीन्सलँडमध्ये झाला नाही, हे मी त्याचा जिवलग दोस्त म्हणून छातीठोकपणे सांगतो. आमच्या वॉरिगल डाउन्सच्या कुरणांवर तो वाढला. चालायला लागण्याआधी घोड्यावर बसला आणि पुढे चालणं राहूनच गेलं. चुलीपासून विहिरीपर्यंत जायलाही खोगीर घालायचा.

रात्री बसलेल्या कळपाभोवती फेऱ्या मारताना आम्ही गुराखी गात राहतो. ओळखीचा आवाज कानावर असला की काटकी मोडली तरी गुरं उधळत नाहीत. आल्बीचं गाणं एकच, तेही स्वतः जुळवलेलं: ‘बस गं बये, बस खाली, अजून सकाळ नाही झाली!’ गुरं मुकाट ऐकायची. बिचारी जाणार कुठे?

तळावरचा स्वयंपाक ईडी पॅस्कोकडे. निखाऱ्यात भाजलेल्या तिच्या पावासाठी माणसं वाट वाकडी करून येत आणि तिच्या जिभेला भिऊन लगेच निघून जात. आल्बीचा तिच्यावर जीव. एकोणीसशे चौदा साली महायुद्ध पेटलं आणि आम्ही दोघं घोडदळात भरती झालो, तेव्हा निघताना त्यानं सगळ्यांसमक्ष तिला लग्नाचं विचारलं.

“दोन पायांच्या एका तरी प्राण्यानं तुला आपणहून ‘गा’ म्हटलं ना, की ये,” ईडी म्हणाली. “त्या दिवशी हो म्हणेन.”

सगळे खो खो हसले. आल्बी हसला नाही. त्यानं ते वचनच मानलं.

सिनाईच्या वाळवंटात आवाज न करण्याचा हुकूम होता. हा घोड्यांच्या राखणीला उभा राहिला की सवयीनं गाणारच. सार्जंट हॅकेटनं त्याला कितीदा तरी संडासाचे खड्डे खणायला लावले. घोड्यांना मात्र ते रडगाणं अंगवळणी पडलं.

मग एका दुपारी वाळूचं वादळ आलं आणि घोडे दोर तोडून पळाले. पाण्याची विहीर दूर. पायी निघालो असतो तर निम्मे वाटेतच आडवे झालो असतो. आम्ही शहाणे ओरडत मागे धावलो, तसे घोडे आणखी लांब गेले. माझी तर पाचावर धारण बसली. आल्बी मात्र स्वस्थ उभा.

“अरे गाढवा, गुराखी ना तू?” सार्जंट ओरडला. “काहीतरी कर!”

“करतो की, सार्जंटसाहेब. तुम्ही फक्त ‘गा’ म्हणा.”

“काय?”

“नुसतं ‘गा’ म्हणा.”

अडला हरी, दुसरं काय! “गा बाबा,” सार्जंट किंचाळला, “तुझ्या पाया पडतो, गा!”

आल्बीनं टोपी काढली आणि गळा मोकळा सोडला. धुळीतून आधी त्याची तांबडी घोडी आली, मग तिच्यामागून एकेक करत बाकीचे. मी रडलो, सांगायला लाज कसली?

लढाई संपल्यावर आल्बी मला ओढत थेट ईडीच्या दारात घेऊन गेला.

“सार्जंटनं म्हटलं, ईडी! विचार याला!”

“शपथ?” तिनं मला विचारलं.

“शपथ. पाया पडत होता.”

ईडी पिठाचे हात पुसत राहिली. आल्बीचा चेहरा उतरला.

“उगीच वाळवंटापर्यंत गेलास,” ती शेवटी म्हणाली. “माझी खोली कळपाच्या कडेला. तुझं रडगाणं ऐकता ऐकताच मला झोप लागायची. तू गेल्यापासून धड झोपले नाहीये, मेल्या. गा आता.”

आल्बीनं तोंड उघडलं, पण जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज फुटेना. मग ईडीनंच सुरुवात केली, ‘बस गं बये, बस खाली...’ आणि देवाशपथ सांगतो, ती त्याच्याहून बेसूर होती.