बाबाराव लांजेवार आणि चौथा रकाना

बाबाराव लांजेवारांचा मला सुरुवातीला फार राग यायचा. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण त्या वयात राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असे आणि सगळ्या कचेरीला तो दिसत असे. साल १९६०. भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि त्याच्याभोवती चहूकडून माणसं येऊन पडत होती. कुणाला किराण्याचं दुकान टाकायचं होतं, कुणाला पिठाची गिरणी, कुणाला घरामागे एक खोली वाढवायची होती. प्रत्येकाला परवाना लागे आणि तो आमच्या कचेरीतून मिळे. कचेरी म्हणजे पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या आणि एक खिडकी. मी तिथे टायपिस्ट होते, नागपूरहून आलेली रत्नमाला, मॅट्रिक पास, आणि त्याचा तोरा किती! बाबाराव साकोलीकडचे, जावक विभागाचे कारकून, वयानं माझ्या वडिलांएवढे.

राग त्यांच्या संथपणाचा होता आणि त्यांच्या एका खोडीचा. दर सोमवारी हा माणूस कचेरी उघडण्याआधी येऊन बाहेर लोकांच्या रांगेत उभा राही. कारकून असून! मागच्या-पुढच्यांशी गप्पा मारी, त्यांचे अर्ज हातात घेऊन बघे, "दुकानाची लांबी लिवलीच नाई ना तुमी" असं सांगे, आणि मग खिडकी उघडली की निमूट आत येऊन आपल्या खुर्चीवर बसे.

मी एकदा विचारलंच, "बाबाराव, हा नसता उद्योग कशासाठी?"

"आपली खिडकी बाहेरून कशी दिसते ते पायतो, बाई," ते म्हणाले. "आतून नाई समजत."

मी मनात म्हटलं, खिडकी ती खिडकी, त्यात काय समजायचंय? सरकारी काम, सहा महिने थांब, हे काय लोकांना ठाऊक नव्हतं?

त्या मार्चमध्ये एक सूचना निघाली. एकतीस तारखेपर्यंत ज्यांचा परवाना झाला नसेल त्या खानावळी आणि टपऱ्या एक एप्रिलपासून उठवणार. खुर्सीपारच्या मजूरवस्तीत अशा खानावळी पुष्कळ होत्या. त्यातली एक मैनाबाई कापगते यांची. भंडाऱ्याकडचे चाळीसेक मजूर तिच्याकडे जेवत. भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी. तिचा नवरा ठेकेदाराकडे कामाला होता. तो बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. दिवाळीपासून तो खाटेवर होता. म्हणजे ती चूल विझली असती तर त्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मला माहीत होता फक्त तिचा अर्ज, कारण तो तीन वेळा माझ्या टेबलावरून परत गेला. आमच्याकडे परतीची एक छापील चिठ्ठी होती, तिच्यावर हिंदीत दोनच शब्द असत: 'आवेदन अपूर्ण'. मी खाली नाव आणि तारीख टाईप करायची, की झालं. काय अपूर्ण, ते चिठ्ठीत लिहायची पद्धत नव्हती, आणि सांगायची तर त्याहून नव्हती.

मैनाबाईला वाचता येत नव्हतं. अर्ज परत आला एवढं तिला कळलं. तिनं आपल्यापुरता विचार केला आणि ठरवलं की खोट आपल्या अंगठ्यात आहे. रोज राखेनं भांडी घासून, शेगडीचे चटके खाऊन तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या, ठसा नुसता शाईच्या डागासारखा उठे. दुसऱ्या खेपेला ती अंगठा दगडानं घासून आली. तिसऱ्या खेपेला तिनं अर्जाच्या तळाला एकाखाली एक चार ठसे उठवले, एक तरी चालेल म्हणून. मी ते चार ठसे पाहिले आणि हसले. शेजारच्या टेबलाला दाखवूनही हसले. आज ते आठवलं की लाज वाटते.

तिसरी चिठ्ठी मी टाईप केली ती तीस तारखेला.

एकतीसला मैनाबाई चौथ्यांदा आली. त्या दिवशी खिडकीवरचा कारकून रजेवर होता म्हणून बाबाराव तिथे बसले होते. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा वर केला, आणि सगळ्यांत आधी तिला आत बोलावून बाकावर बसवलं. आमच्या कचेरीत अर्जदारानं बसायची ती पहिलीच वेळ असावी.

"हे चार अंगठे कावून लावले, बाई?"

"उठतच नाई ना, बाबूजी," ती म्हणाली. "म्हून तं वापस येते कागद. पाहा ना, किती घासला मी." आणि तिनं अंगठा पुढे केला. तो सोलवटला होता.

बाबारावांनी अंगठा निरखून बघितला. मग म्हणाले, "अंगठा बेस हाय तुमचा. कागदात चौथा रकाना रिकामा हाय. नवऱ्याचं नाव. तेवढं सांगा, मी लिवतो."

मैनाबाईनं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

घोडं तिथेच पेंड खात होतं. बाहेर कडुनिंबाखाली बसून अर्ज लिहून देणारा नत्थू, त्यानंही तिला नाव विचारलं होतं. तिनं अशीच मान खाली घातली, तेव्हा त्या भल्या माणसानं मर्यादा राखून रकाना सोडून दिला, कचेरीवाले विचारतील म्हणून. कचेरीवाल्यांनी विचारलं नाही, चिठ्ठी दिली. मला मात्र यातल्या कशाचंही भान नव्हतं. रांग वाढत होती. मी टाईपरायटरवरून ओरडले, "अहो बाई, नाव सांगा ना! नवऱ्याचं नाव माहीत नाही का तुम्हाला?"

बाबाराव माझ्याकडे वळले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुमची आई घेते का जी, तुमच्या बाबाचं नाव?" त्यांनी विचारलं.

 माझ्या आईनं उभ्या जन्मात, हळदीकुंकू सोडून, बाबांचं नाव उच्चारलं नव्हतं. रेशनकार्ड काढायला गेली तेव्हा मला सोबत नेलं होतं. मी मॅट्रिक झाले आणि एवढं विसरले!

बाबाराव उठले. खिडकीचं दार त्यांनी अर्धं लोटलं, बाहेरच्यांना म्हणाले, "दोन मिनटं, भाऊ," आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "बाई, आता इथे बाईमाणूसच हाय एक. हळदीकुंकवाले आल्यासारखं समजा. उखाण्यात घ्या नाव. कागदाले चालते."

मी उठून तिच्याजवळ गेले, बाकावर बसले. तिनं एकदा बाबारावांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू,

"भट्टीचा उजेड पडते, दिसते दूरची वाट,
देवाजीरावाचं नाव घेते, झाकून ठेवते ताट."

तिच्या श्वासाला धुराचा वास होता. मी चौथ्या रकान्यात लिहिलं, देवाजी कापगते. 

पण रकाना भरला म्हणजे परवाना झाला असं नव्हतं. फाईल तीन टेबलांवरून जायची होती, आणि साहेबांनी जागा बघून यायची होती. एरवी याला पंधरा दिवस लागत. बाबाराव ती फाईल काखेत धरून स्वतः टेबलाटेबलाशी उभे राहिले. कुणी म्हणालं, ठेवून जा. ते म्हणाले, "ठेवतो ना. तुमची सही होईस्तोवर मीपण इथंच ठेवलेला हाय." त्यांचा हा संथपणा आता मला वेगळाच दिसायला लागला. तो माणूस समोर उभा राहिला की हलतच नसे.

आमचे अरुणकुमार साहेब मनानं चांगले होते, पण जीप बाहेर गेली होती. बाबारावांनी आपली सायकल आणली. भर दुपारी साहेब कॅरिअरवर बसून खुर्सीपारला गेले. सगळी कचेरी दारात उभी राहून बघत होती. तासाभरानं परत आले तेव्हा साहेबांच्या शर्टावर धूळ होती आणि बाबाराव चिंब घामेजले होते. जागा पास झाली होती.

साहेब मला म्हणाले, परवाना टाईप करा, नवऱ्याच्या नावानं. तशीच रीत होती. बाईचा अर्ज असला तरी परवाना घरच्या पुरुषाच्या नावानं निघे.

बाबाराव घाम पुसता पुसता म्हणाले, "साहेब, तुमी पाहून आले. चूल कोन पेटवते तिथं?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि मला म्हणाले, "ठीक है. उन्हीं के नाम से."

साडेपाचला सही-शिक्का झाला. मैनाबाई संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी केव्हाच घरी गेली होती. मी म्हटलं, हा कागद मी स्वतः नेऊन देणार. बाबाराव हो म्हणाले, आणि आम्ही दोघं पायीच निघालो. सायकल त्यांनी हातानं ढकलत आणली. वाटेत मी त्यांची माफी मागितली, ओरडल्याबद्दल आणि त्या चार ठशांना हसल्याबद्दल.

"मीपण तं तीन वर्षं त्याच चिठ्ठ्यांवर जावक नंबर टाकून राहिलो, बाई," ते म्हणाले. "मले कुठं दिसलं? उद्या त्या चिठ्ठीवर काय कमी हाय ते लिवायले जागा ठेवू. आन वाचून सांगू."

पुढे ती चिठ्ठी खरंच बदलली, मीच तिचा मसुदा टाईप केला. बाईमाणसाचा अर्ज आला की तिला आत बाकावर बसवायचं, हाही नियम झाला, लिहिलेला नाही तरी पाळलेला. बाबाराव निवृत्त होऊन साकोलीला गेले त्यानंतरही पुष्कळ वर्षं तो चालला, आणि त्या वर्षांत मी किती उखाणे ऐकले त्याची गणती नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगते. मजुरांची पहिली पंगत बसायची होती. मैनाबाई चुलीशी भाताचं पातेलं उतरवत होती. आम्हाला पाहून ती तशीच उभी राहिली, फडकं हातात. पलीकडे खाटेवर तिचा नवरा, देवाजी, उशाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, पायाला फळ्या बांधलेल्या.

"झाला परवाना, बाई," बाबाराव तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वाचून दाखवा त्याईले."

मी वाचलं. हिंदीतला कागद, मी मराठीत सांगत गेले. खानावळीचा परवाना. जागा खुर्सीपार. परवानाधारक, मैनाबाई कापगते.

"कोन?" खाटेवरून देवाजीनं विचारलं.

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. मी चाचरत पुन्हा वाचलं, "मैनाबाई कापगते."

त्यानं ते ऐकलं. बायकोकडे बघितलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यानंही कधी चारचौघांत तिचं नाव घेतलेलं नव्हतं. "अवं", "आयकलं का" यावरच त्यांचा अठरा वर्षांचा संसार झाला होता. पंगतीला आलेले मजूर दारात उभे होते. त्यांच्यासमोर, पहिल्यांदा शब्द जिभेवर ठेवून बघावा तसं, तो म्हणाला,

"मैना."

तिच्या हातातलं फडकं पडलं.

"मैना, बाबूजीले आन बाईले आदी वाढ," देवाजी म्हणाला. "आपल्या खानावळीत उपाशी नाई जात कोनी."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबाराव चपला काढून भिंतीशी बसले आणि मैनाबाई, पदरानं तोंड झाकून, आतून ताटं आणायला गेली.