मौनाचे जाणकार

इथे परदेशात, मिल्टनमध्ये आमच्या शेजारी एक पुणेकर गृहस्थ राहतात. एका डॅनिश नटाची अख्खी सिनेकारकीर्द आपणच घडवली, अशा थाटात ते बोलतात. कुणाकडेही पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की हातात पेपर प्लेट धरून, डोळे मिटून सुरू होतात, "हॉलीवूडने त्याला नुसता व्हिलन करून टाकला हो! त्याचे डॅनिश पिक्चर बघा. त्यातलं मौन बघा!"

नागपूरहून आलेले माझे बाबा एकदा उत्सुकतेने म्हणाले, "मलाही सांगा एखादा. बघतो."

"काका, तुम्हाला नाही झेपायचं. पेशन्स लागतो," असं म्हणून ते हसले. बाबा मान खाली घालून जेवत राहिले.

परवा ऑफिसहून येताना ट्रेनमध्ये मी नेमका या गृहस्थांच्या मागच्या सीटवर होतो. त्यांच्या फोनवर तोच नट होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात ठळक लिहिलं होतं, 'हिंदी डब्ड'. नट जरा गप्प झाला की यांचा अंगठा पिक्चर दहा सेकंद पुढे ढकलायचा. मिल्टन यायच्या आत पिक्चर संपलासुद्धा.

उतरताना मी दिसलो. त्यांनी इयरफोन काढले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय मौन आहे हो!"