उणे सव्वीस आणि ताईंचा लोडर

ताईंच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आम्हाला जावई नाही, पण लोडरची बॅटरी आहे ना! रोज संध्याकाळी येते, घरातला उबदार कोपरा अडवून बसते आणि सकाळी चार्ज होऊन चालती होते."

यात खोटं काही नव्हतं. रस्त्यावरचा बर्फ उचलणारा लोडर ताई चालवायच्या, आणि डेपो घरासमोरच होता. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा निम्मा जीव जातो, म्हणून त्या ती हातगाडीवर घालून घरी आणायच्या. लोक हसायचे. ताईही हसायच्या, पण बॅटरी आणायच्याच. पूर्वी शिवणकाम करणाऱ्या सासूबाईंनी तर एकदा टेप घेऊन डेपो गाठला आणि जुन्या ब्लँकेटांचं जाडजूड पांघरूण लोडरच्या इंजिनाला शिवून दिलं. डेपोचे मुकादम म्हणाले, "आता अंगडं झालं, टोपडं कधी?"

अकरा वर्षांपूर्वी ताई याच डेपोत झाडायला लागल्या होत्या. झाडून झालं की इंजिनाभोवती घुटमळायच्या आणि प्रश्न विचारून म्हाताऱ्या मेकॅनिकचं डोकं खायच्या. शेवटी त्याने वैतागून हातात पाना दिला. "घ्या, तुम्हीच खोला!" ताईंनी खोललं. आणि मुख्य म्हणजे परत जोडलं. तिथून पुढे झाडू दुसऱ्या कुणीतरी उचलला.

त्या सकाळी डेपोच्या भिंतीवरचा पारा उणे सव्वीसवर होता. ताई बॅटरी घेऊन आत शिरल्या तर मुकादम धावतच आले.

"ताई, घाटात बस अडकलीय! वरून बर्फ घसरला, रस्ता बंद. बत्तीस माणसं आहेत. इंजिन चालू ठेवून बसलेत, पण ड्रायव्हर म्हणतो, डिझेल दुपारपर्यंत पुरलं तर पुरलं."

"मग बर्फ खरवडणारा ग्रेडर?"

"मेलाय. ट्रकही मेलाय. दोघांचंही डिझेल गोठलंय. आता तुमचाच भरवसा."

ताईंनी पांघरूण ओढून काढलं, बॅटरी जोडली, केबिनमध्ये चढल्या. किल्ली अर्धी फिरवली आणि इंजिन आतून तापलं की विझतो तो दिवा विझायची वाट पाहिली. मग स्टार्टर. इंजिन झोकात फिरलं, पण पेट घेईना. दहा सेकंद झाले. ताईंनी हात काढला.

"थांबलात का? फिरवा ना!" मुकादम ओरडले.

"फिरवत बसले तर बॅटरी जाईल आणि स्टार्टरही जळेल. जरा दम धरा."

खाली उतरून त्यांनी डिझेलचा फिल्टर खोलला. आत पांढरट, मेणासारखा थर. ताईंनी कपाळावर हात मारला. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून काल संध्याकाळी त्यांनी टाकीत औषध ओतलं होतं, पण त्यानंतर पाच मिनिटं इंजिन चालवायला विसरल्या होत्या. औषध टाकीतच राहिलं. फिल्टरमध्ये जुनंच डिझेल.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या.

मुकादमांनी तेवढ्यात काठीला चिंधी गुंडाळली होती. "खालून जरा जाळ दाखवू का?"

"ठेवा ती काठी! इंजिन पेटायच्या आधी डेपो पेटेल. ऑफिसातून माझा डबा आणा, आणि किटलीत गरम पाणी."

ऑफिसच्या उबेत ताई औषध घातलेल्या डिझेलचा एक डबा नेहमी ठेवायच्या. नवा फिल्टर त्यांनी त्याच डिझेलने काठोकाठ भरला. डिझेलच्या नळीवर फडकी गुंडाळून मुकादमांनी गरम पाणी ओतलं, पुन्हा पुन्हा ओतलं. ताईंची बोटं पान्याला चिकटायला लागली, हातमोजे असूनही. हातपंपाने डिझेल वर ओढताना त्या मोजत होत्या: वीस, तीस, चाळीस. पंप अचानक घट्ट लागला. डिझेल आलं!

पुन्हा केबिन. पुन्हा दिवा. स्टार्टर. इंजिनाने एक खोकला काढला, मग दुसरा, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि धडधडत, थरथरत, रडतखडत चालू झालं.

"चाललं! चाललं!" मुकादमांनी किटलीसकट उडी मारली. "निघा, ताई, निघा!"

"पाच मिनिटं. अंगभर तेल फिरू दे त्याच्या."

ती पाच मिनिटं ताईंच्या जन्मातली सगळ्यात लांब पाच मिनिटं होती. रेस द्यायला पाय शिवशिवत होता; त्यांनी तो दाबून धरला. धूर विरळ झाला, आवाज एका लयीत आला, आणि लोडर साखळ्या बांधलेल्या चाकांवर फाटकाबाहेर पडला.

घाटात बर्फाची भिंत लोडरपेक्षा उंच होती. ताईंनी बकेट खुपसली, उचलली, दरीत रिकामी केली. पुन्हा खुपसली. दीड तास मान वर नाही. मग एकदा बकेट मागे घेतली आणि पलीकडे निळा पत्रा दिसला. बस! खिडक्यांतून माणसं हात हलवत होती, कुणी काचा बडवत होतं.

बसचा ड्रायव्हर धावत आला. "बाई, तुमचे पाय कुठेत? डिझेलच्या काट्याने तळ गाठला होता हो!"

"पाय ब्रेकवर आहेत, ते राहू द्या," ताई म्हणाल्या. "इंजिन बंद करू नका, आणि माझ्या मागे मागे या. उतारावर घाई नको."

एवढं बोलून त्यांनी लोडर वळवला.

परतीच्या वाटेवर पुढे लोडर, मागे बस. प्रत्येक वळणावर ताई हॉर्न द्यायच्या. गरज नव्हती तिथेही द्यायच्या. बसवालाही उत्तर द्यायचा. दोन वळणं गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं की आपण गळा फाडून गातोय. इंजिनाच्या आवाजात त्यांना स्वतःलाही ते ऐकू येत नव्हतं. मग त्या आणखी मोठ्याने गायला लागल्या.